खिडकी क्रमांक तीन

अ‍ॅक्रनच्या क्रेडिट युनियनमध्ये
खिडकी क्रमांक तीनवर मी बसते.
काचेच्या तळाशी एक फट आहे,
तिच्यातून लोक आपापल्या मुलांची पुढची वर्षं
माझ्याकडे सरकवतात.

शुक्रवारी ओडेल येतो.
शाळेत फरशी पुसतो, त्याच शाळेत नात शिकते,
तिथे ओळख दाखवायची नाही असं दोघांचं ठरलंय.
कॉफीच्या डब्यातली चिल्लर मशीनमध्ये ओततो.
अकरा डॉलर चाळीस. कधी नऊ.
"पावती नको," म्हणतो, आणि घेतोच,
बारीक घडी करून
टोपीच्या आतल्या पट्टीत खोचतो.

मंगळवारी दंतवैद्य बाईंचा फोन:
नातू नोव्हेंबरात व्हायचाय, नाव ठरलं नाही,
खातं आत्ताच उघडता येईल का?
मी सांगते, जन्माआधी नंबर मिळत नाही.
त्या हसतात, तोवर स्वतःच्या नावाने उघडतात.
इतकी शून्यं
की मी मोजून मोजून बोट दाबते.
हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही.
त्याचंही एक खातं असतं,
व्याज रोजच्या रोज.

आम्ही मधले.
हेरंब टायरच्या प्रयोगशाळेत, मी काचेमागे,
घर कर्जाचं, गाडी कुणीतरी वापरून दिलेली.
शर्वाणीच्या कॉलेजचा फॉर्म जानेवारीत भरला,
रात्री, हळदीच्या डागावर लॅपटॉप ठेवून.
सरकारी यंत्र क्षणभर गोल गोल फिरलं
आणि म्हणालं, तुम्हाला एवढं परवडतं.
आम्ही आकड्याकडे बघत राहिलो,
आपल्याच घरात कुणी
कधी न पाहिलेली खोली दाखवावी तसे.
"कुठंय ही खोली?" हेरंब म्हणाला,
"भाड्याने देऊन टाकू."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण पोरगी पाच फूट नऊ झाली,
अंथरूण तेच.

माझ्या फीसाठी आईने पाटल्या मोडल्या.
इचलकरंजीच्या सोनाराने वजन केलं, घट कापली,
मला त्यातला एक आकडा आठवत नाही.
मनगटावरचा फिकट पट्टा आठवतो,
पुढचे कितीतरी महिने
पोळ्या लाटताना मागेपुढे होणारा.

फेब्रुवारीत ओडेल आला, सोमवारी.
डबा नव्हता. टोपी हातात.
घराचा हीटर गेलेला, सगळं काढायचं होतं.
मी विचारायचा असतो तो प्रश्न विचारला:
"खर्च शिक्षणासाठी आहे का?"
तो थोडा वेळ गप्प राहिला.
"गृहपाठ हातमोजे घालून करते ती."
स्क्रीनवर दोनच चौकोन होते.
मी 'नाही' दाबलं.
कराच्या वेळी दंड बसेल तेही सांगितलं,
साधारण एकवीस डॉलर.
माझ्या पर्समध्ये वीसची नोट होती.
तिथेच राहिली.

हे मी घरी सांगितलं नाही.
शर्वाणीच भांडी पुसता पुसता म्हणाली,
"दोन वर्षं गावातल्याच कॉलेजात जाते,
घरून. बस थेट जाते."
वेळापत्रकसुद्धा पाठ होतं तिला.
लॅपटॉप त्या रात्री उघडाच राहिला होता.
मी म्हटलं, "बघू."
आईही "बघू"च म्हणाली होती
आणि दुसऱ्या दिवशी सोनाराकडे गेली.
माझ्या हातात काचेच्या बांगड्या,
त्याही फक्त सणाला.

मार्च. शुक्रवार. डबा परत.
तीन डॉलर पाच सेंट,
आणि मशीनने एक नाणं थुंकलं: कॅनडाचं.
ओडेलने ते फटीतून आत सरकवलं.
"हे नाही चालत," मी म्हटलं.
"माहितेय. तरी मोजून बघा म्हटलं."
नाणं परत घेतलं, पावतीत गुंडाळलं,
टोपीत खोचलं,
आणि दारातून वळून विचारलं,
"तुमची पोरगी कुठे जाणार?"

मागे रांग होती.
मी म्हटलं, बसने.